काळ्यावर काळं

पांढऱ्यावर काळं करण्यात आणि दुसऱ्यांनी केलेलं तपासण्यात माझी एकतीस वर्षं गेली. दहावीच्या मुलांना रसग्रहण शिकवायचं म्हणजे तीन खण आखून द्यायचे. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं. मुलं खण भरायची, मी गुण द्यायचो आणि कविता बिचारी बाहेर व्हरांड्यात उभी. निवृत्त झालो तेव्हा ही सवय सुटली असं वाटलं होतं. पुन्हा लागली ती कोल्हापूरजवळच्या पुलाच्या शिरोलीत, महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर, जुन्या टायरांच्या एका दुकानात. तिथला मजकूर काळ्यावर काळा होता.

कारण साधंच. माझ्या २०१३ सालच्या डिझायरच्या पुढच्या दोन टायरांचा पार गोटा झाला होता. नवी जोडी आठ हजारांच्या घरात जाते, आणि गाडी आता फिरते किती? पौर्णिमेला जोतिबा आणि महिन्यातून एकदा सांगलीला लेकीकडे. "सेकंड बघा की, सर," शेजारच्या मिस्त्रींनी सुचवलं. "सत्तर टक्के टायर मिळतोय. फक्त वाचून घ्या."

त्यांना 'बघून घ्या' म्हणायचं असेल असं मला वाटलं. तसं नव्हतं.

दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, एक धापा टाकणारा कॉम्प्रेसर, पंक्चर शोधायची पाण्याची टाकी आणि मापाप्रमाणे रचलेले टायरांचे मनोरे. महामार्गावरच्या पंक्चरवाल्याला आपण सरसकट 'अण्णा' म्हणतो, पण इथला मालक अस्सल इथलाच, कपाळावर अंगारा, बोलण्यात 'की' आणि 'ओ'. त्याने ढिगातून एक टायर ओढला आणि माझ्याकडे घरंगळत सोडला. चष्मा पुसून मी पहिली ओळ वाचली. १६५/८० आर १४ ८५ टी.

आता ही ओळ नीट बघा. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची आहे ते, म्हणजे १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. आणि १४ हा आतल्या डिस्कचा व्यास, पण तो इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच सुखाने नांदतात. परक्याला हा गोंधळ वाटेल. आपल्याला वाटायचं कारण नाही, कारण आपण शेत गुंठ्यात मोजतो, फ्लॅट चौरस फुटांत आणि सोनं तोळ्यात, तेही एकाच लग्नाच्या बोलणीत.

पुढचे ८५ म्हणजे ८५ किलो नव्हेत. तो एक संकेत आहे आणि त्याचा अर्थ ५१५ किलो, एका टायरने पेलायचा जास्तीत जास्त भार. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरची मर्यादा. ही अक्षरं चढत्या क्रमाने जातात. एस १८०, टी १९०, यू २००, आणि मग एकदम एच येतो, २१० चा, व्हीच्या आधी. एच आपली रांग मोडून तिथे का येऊन बसला याची जुनी कारणं असतील, पण मला तो वर्गात उशिरा येऊन पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलासारखा वाटतो. नऊ नातेवाईक कोंबून जोतिबाचा डोंगर चढणाऱ्यांनी टीकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल, ८५ कडे मात्र करू नये.

हे सगळं वाचायला मान वाकडी करावी लागते. मजकूर गोल फिरतो, त्याला सुरुवात नाही आणि शेवट नाही. एक तर टायर फिरवा, नाहीतर तुम्ही त्याच्याभोवती फिरा. देवळातल्या शिलालेखापुढे आपण उभे राहतो आणि तो आपल्यापुढे उभा राहतो. टायरच्या लेखाला प्रदक्षिणाच घालावी लागते.

अर्धी प्रदक्षिणा झाल्यावर एका लांबट चौकटीत चार आकडे दिसले. ३२१९.

मालक म्हणाला, "ती जन्मतारीख. आधीचे दोन आठवडा, नंतरचे दोन साल." २०१९ सालचा ३२वा आठवडा. मी बोटांवर मोजलं, मग मोबाइलच्या कॅलेंडरवर ताडून पाहिलं. ५ ते ११ ऑगस्ट २०१९.

कोल्हापूरकराला हा आठवडा सांगावा लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही उभे होतो तिथला पुणे–बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली होता आणि दोन्ही बाजूंना मैलोगणती ट्रक खोळंबले होते. शहरात पेट्रोल नाही, दूध नाही. देशातल्या सर्वांत गजबजलेल्या रस्त्यांपैकी एकाच्या ह्या तुकड्यावर त्या आठवड्यात कित्येक दिवस एकही चाक फिरलं नाही. आणि नेमक्या त्याच आठवड्यात कुठल्यातरी दूरच्या कारखान्यात, गंधक मिसळलेलं रबर साच्यात दाबून, दीडशे अंशांच्या वर शेकून हा टायर गरमागरम बाहेर पडत होता. साच्यातली तारखेची छोटी पट्टी दर आठवड्याला बदलतात. कुणा कामगाराने सोमवारी ३१ काढून ३२ बसवले असतील. त्याला पंचगंगा कुठे आहे हेही ठाऊक नसेल.

"तेव्हा दुकानात किती पाणी होतं?" मी विचारलं.

"दुकान कुठं होतं ओ? नुसता पत्रा दिसत होता." पाणी उतरल्यावर काही टायर मागच्या उसात सापडले, असं त्याने सांगितलं. काही सापडलेच नाहीत.

चार आकड्यांत एवढं मावतं. मुलांना 'अल्पाक्षरत्व' हा गुण समजावून सांगताना मी नेहमी अभंगांची उदाहरणं द्यायचो. हे उदाहरण मला आधी मिळायला हवं होतं. २००० सालाच्या आधी तर हे आकडे तीनच असत, दोन आठवड्याचे आणि एक सालाचा, त्यामुळे टायर १९८७ चा की १९९७ चा हे नुसत्या आकड्यांवरून कळायला मार्ग नसे. शतक बदललं तेव्हा कारखान्यांना चौथ्या आकड्याची अक्कल आली.

आणखी एक खुबी आहे. ही तारीख बहुतेकदा टायरच्या दोन बाजूंपैकी एकाच बाजूला पूर्ण असते. बसवणाऱ्याने ती बाजू आत केली की वय झाकलं जातं. दुसऱ्या बाजूला नाव, माप, नक्षी सगळं आहे, फक्त वय नाही. लग्नाच्या बाजारात असे बायोडेटा मी पाहिलेत.

मग बारीक अक्षरांकडे वळलो. आयएसआयचा शिक्का आणि त्यावर आयएस १५६३३, म्हणजे मोटारीच्या टायरचं भारतीय मानक. आपल्याकडे २०११ पासून हा शिक्का सक्तीचा आहे. पुढे 'ट्यूबलेस'. पुढे एक वाक्य, हवा कमी ठेवू नका, भार जास्त घालू नका, नाहीतर टायर फुटून इजा होईल. सबंध मजकुरात क्रियापद फक्त ह्या एका वाक्यात आहे. बाकी बहुतेक नामं आणि आकडे. कौतुकाचं विशेषण एकही नाही. मोटारीच्या अख्ख्या धंद्यात असल्या विशेषणाशिवाय लिहिलेला एवढा लांब मजकूर दुसरा दाखवा.

त्याच्या खाली सर्वांत लहान अक्षरांत टायरच्या पोटात काय आहे ते लिहिलं होतं. जमिनीला लागणाऱ्या भागात १ थर पॉलिएस्टर, २ थर स्टील, १ थर नायलॉन. आणि कडेला? १ थर पॉलिएस्टर. बस. मी ही ओळ दोनदा वाचली. म्हणजे हे सगळं जिच्यावर कोरलंय ती कड एका कापडाच्या जाडीची आहे, वर रबर. स्टीलचं चिलखत खाली, रस्त्याकडे; लिहायला जागा मिळाली ती सर्वांत नाजूक अंगावर. म्हणूनच पंक्चरवाला तळातला खिळा दोन मिनिटांत काढून देतो आणि कडेला चीर गेली की हात जोडतो. कडेला फुगा आला तर समजावं की हा एकुलता एक थर आत तुटलाय. फुगा आलेला टायर कुणी फुकट दिला तरी घरी आणू नये.

लेखकाने लिहिलेला मजकूर इथे संपतो. पुढचा मजकूर रस्त्याने लिहिलेला असतो, आणि मला विचाराल तर तो जास्त रसाळ.

ह्या टायरचा व्यास साधारण ६२ सेंटिमीटर. म्हणजे एका फेरीत तो दोन मीटरला थोडा कमी जातो. चाळीस हजार किलोमीटर धावला असेल तर दोन कोटींच्या वर फेऱ्या झाल्या. नव्या टायरच्या नक्षीची खोली आठ मिलिमीटरच्या आसपास असते. दोन कोटी फेऱ्यांत झिजतात ते पाच-साडेपाच मिलिमीटर. ही झीज कुठे झाली यावरून गाडीमालकाचं चरित्र कळतं. मधोमध झिजलेला असेल तर हवा जास्त भरणारा माणूस, पेट्रोल वाचवायच्या नादातला. दोन्ही कडांना झिजलेला असेल तर महिनोन्‌महिने हवा न तपासणारा. एकाच कडेला असेल तर अलाइनमेंट बिघडलेली आणि 'बघू पुढच्या सर्व्हिसिंगला' म्हणणारा. जागोजागी बशीसारखे खड्डे पडले असतील तर शॉकअब्सॉर्बर गेलेले आणि तरीही गाडी हाणणारा. ३२१९ दोन्ही कडांना घासला होता. नक्षीच्या खाचांत बारीक तांबडे खडे अडकले होते. हा जांभा. म्हणजे गाडी आंबा घाटाकडे नाहीतर राधानगरीकडे जात असणार, कोकणच्या वाटेवर, हवा कमी आणि माणसं जास्त. कुणाचं तरी सासर असेल तिकडे.

किती झीज चालते हेही टायर स्वतःच सांगतो. कडेच्या वरच्या अंगाला एक छोटा त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' ही तीन अक्षरं असतात. तिथून सरळ आत बोट न्या. खाचेच्या तळाशी रबराचा एक बारीक उंबरा लागेल, १.६ मिलिमीटर उंचीचा. नक्षी झिजून ह्या उंबऱ्याला टेकली की टायरचं आयुष्य संपलं. मोटारीसाठी कायद्यातही हीच मर्यादा आहे. माझी स्वतःची पद्धत गावठी आहे. काडेपेटीची काडी खाचेत आडवी ठेवायची. काडी बुडाली तर विचार करायचा, वर डोकावली तर पुढच्या ढिगाकडे जायचं. आपल्याकडे पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचतं ते ह्या खाचांतूनच बाहेर फेकलं जातं. खाच नसेल तर टायर पाण्यावर होडीसारखा तरंगतो आणि मग स्टीअरिंग नुसतंच फिरतं.

इथे मला स्वतःची फजिती सांगायला हवी. पंधराएक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात, एका दुकानातून मी असाच एक टायर घेतला होता. चकचकीत, नक्षी खोल, भाव कमी. तेव्हा मला वाचता येत नव्हतं. किणी टोलनाक्याच्या अलीकडे मागून धडधड असा आवाज आला, आणि उतरून बघतो तर नक्षीचा हातभर पट्टा सुटून चिखलाच्या फडक्यासारखा लोंबत होता. गुळगुळीत झालेल्या टायरवर गरम कटरने नव्या खाचा कोरून वरून काळं पॉलिश फासलं होतं. म्हणजे उरलंसुरलं रबर खोदून त्याची खोली मला विकली होती. शिलालेखाच्या भाषेत सांगायचं तर प्रक्षिप्त मजकूर. असला प्रक्षेप ओळखायची खूण सोपी आहे. कोरणारा खाच खोदतो, पण तळाचा उंबरा त्याला जपता येत नाही. जिथे उंबरा सापडत नाही तिथे पुढे बघू नका. आणि जुना टायर फार चकाकत असेल तर कोरडा हात फिरवा. हात काळा झाला की टायर ठेवून द्या. आमच्या घरातून "तरी मी सांगत होते" हे वाक्य त्या दिवशी किणीपासून कोल्हापूरपर्यंत ऐकलं, तेवढ्या किलोमीटरची माझ्याकडे नोंद आहे.

आता दुसऱ्या मजकुराकडे, नव्या गाडीच्या लाँचच्या जाहिरातीकडे येतो, कारण त्याच्याशिवाय टायरचा मजकूर पुरा होत नाही.

माझा पुतण्या उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्र्यांत ओतलेले मोटारींचे सुटे भाग तासून द्यायचं काम. त्यामुळे देशात कुठलीही गाडी यायची झाली की त्याला ती घरच्या लग्नासारखी वाटते. लाँचच्या दिवशी तो जेवतसुद्धा मोबाइल समोर ठेवून. "काका, स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग अर्ध्या तासात लाखावर गेलं," हे त्याने मला ३० जुलै २०२२ ला सांगितलं होतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला घटस्थापना होती. आम्ही घट बसवत होतो आणि हा देवघराच्या दारातून ओरडला, "थार रॉक्स, एका तासात पावणेदोन लाख!" अंबाबाईचा नवरात्र उत्सव नंतर.

मी त्याची चेष्टा करतो, पण कोल्हापूरला हे वेड आजचं नाही. दरवर्षी दसरा चौकात सीमोल्लंघनाला छत्रपती घराण्याची संस्थानकाळातली मेबॅक गाडी येते, तेव्हा सोनं लुटायच्या आधी लोक टाचा उंचावतात ते ती गाडी बघायला. नव्वदीला टेकलेली गाडी दरवर्षी नव्याने लाँच होते आणि दरवर्षी टाळ्या घेते. तिच्या टायरवर काय लिहिलंय ते वाचायची माझी फार इच्छा आहे. पण पोलीस तेवढं जवळ जाऊ देत नाहीत, आणि दसऱ्याला चौकात वाकून टायर वाचणाऱ्या निवृत्त मास्तराबद्दल लोक काय म्हणतील तेही आहेच.

तर लाँचची जाहिरात. पेपराचं पहिलं पान उघडलं की गाडी कोपऱ्यात वळण घेत असते, मागे धूळ नाहीतर समुद्र. क्रियापदं सगळी आज्ञार्थी, विशेषणांचा पूर. किमतीच्या डोक्यावर एक चांदणी, आणि चांदणीचा अर्थ पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात. किंमत एक्स-शोरूम, प्रास्ताविक, अमुक तारखेपर्यंत. चित्रात दाखवलेल्या वस्तू मूळ गाडीत असतीलच असं नाही. चाकांकडे बघा, ती नेहमी सर्वांत महागड्या मॉडेलची असतात, अलॉयची, मोठी. सर्वांत स्वस्त मॉडेलचं चाक पहिल्या पानावर मी आजवर पाहिलेलं नाही. आणि किंमत मात्र त्याचीच छापलेली असते.

स्विफ्टचं उदाहरण घ्या. ती २००५ साली आली, २०११ ला नवी झाली, २०१८ ला पुन्हा नवी, ९ मे २०२४ ला तिसऱ्यांदा नवी. दर वेळी नवा चेहरा, नवे दिवे, नवी घोषणा. आणि चारही पिढ्यांच्या खालच्या मॉडेलच्या टायरवर लिहिलंय काय? १६५/८० आर १४. जवळजवळ वीस वर्षं तीच ओळ, अक्षर न बदलता. बहिणाबाई-जनाबाई शिकवताना आम्ही ध्रुवपद म्हणतो ते हेच. कडवी बदलतात, ध्रुवपद परत येतं. डिझायरसुद्धा ह्याच ध्रुवपदावर चालते, म्हणून तर मी त्या ढिगापुढे उभा होतो.

उलट बाजूला नॅनो बघा. १० जानेवारी २००८ ला दिल्लीत ती दाखवली तेव्हा जगभर गवगवा झाला. तिचे पुढचे टायर १३५/७० आर १२ आणि मागचे १५५/६५ आर १२. पुढे वेगळे, मागे वेगळे. मालकाच्या दुकानात कोपऱ्यात त्यातले तीन टायर धूळ खात होते. "घेणारं कोण न्हाई आणि टाकवतबी न्हाई," तो म्हणाला. लाँचच्या भाषणांतून मला नॅनो जेवढी कळली नव्हती तेवढी त्या तीन टायरांतून कळली.

टायरांचे मनोरे म्हणजे लाँचांचे थर असतात, हे तिथे उभं राहिल्यावर ध्यानात येतं. तळाला १२ इंची, मारुती ८०० च्या काळातले. त्यावर १३, त्यावर १४, १५. बोलेरोच्या २१५/७५ आर १५ चा स्वतंत्र मनोरा, जिल्हाभर मागणी असल्यामुळे कायम अर्धा. आणि दाराशी, सहज दिसतील असे, थारचे १८ इंची रणगाडे. जाहिरातीतून गाडी शहरात येते ती शोरूमच्या दाराने, आणि तिचा पहिला अवयव बाहेर पडतो तो ह्या दुकानाच्या दाराने. कारण आमच्याकडची रीत अशी आहे. गाडी घ्यायची खालच्या मॉडेलची, अंबाबाईपुढे न्यायची, चाकाखाली लिंबू चिरडायचं, एमएच ०९ ची पाटी लावायची, मागच्या काचेवर 'नाद करायचा न्हाई' लिहायचं, आणि महिन्याच्या आत कंपनीचे टायर काढून मोठ्या अलॉयवर रुंद टायर चढवायचे. पुतण्याने नव्या स्विफ्टला हेच केलं. काढलेले टायर विकले. त्यांच्या अंगावरचे साच्यातले रबरी केससुद्धा अजून झडले नव्हते.

मालकाने मला शेवटी दाखवले ते असलेच दोन. केस शाबूत, खाचा खोल, काडी बुडून वर भरपूर जागा. तारीख बघितली आणि क्षणभर फसलो. २०२४. मला वाटलं, पूर्ण सालच छापलंय. मालक हसला. तो २०वा आठवडा, साल २४. म्हणजे मे महिन्याचा मध्य, नवी स्विफ्ट बाजारात आली त्याच्या पुढचाच आठवडा. हे पुतण्याचेच असतील का? मी विचारलं नाही. काका-पुतण्यात असले व्यवहार उघड झालेले बरे नव्हेत.

जोडीचे साडेचार हजार. मी घासाघीस केली. मुद्दा माझ्याकडे होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून, तीही घटस्थापनाच, नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय, मग जुन्याचा भाव जुनाच कसा? मालक म्हणाला, "सर, आमच्याकडं जीएसटी खाली आला म्हणून रबर स्वस्त झालं न्हाई." चार हजारांवर मिटलं. नव्यापेक्षा निम्म्याने स्वस्त आणि दीडेक वर्षाचे. वाचता येत असेल तर हा सौदा चांगला, येत नसेल तर गपचूप नवे घ्यावेत हे माझं स्पष्ट मत.

३२१९ तसाच भिंतीला टेकून उभा होता. "न्या की, पाचशेत, स्टेपनीला," मालक म्हणाला. मोह झाला. पण सहा वर्षं उलटून गेली होती, आणि गाड्यांच्या अनेक पुस्तिका सहानंतर टायर बदला म्हणतात, नक्षी कितीही उरलेली असो. दहाच्या पुढे तर नकोच. रबर न धावताही म्हातारं होतं. कडेला बोट दाबून वाकवलं तर अक्षरांच्या बुडाशी केसासारख्या भेगा दिसत होत्या, नेमक्या ८५ च्या खाली.

मग ह्याचं काय होणार? मालकाने बोटं मोजली. कुणी भाजीच्या हातगाडीला नेईल. नाहीतर चपलांच्या टायरसोलला, घमेल्यांना. रबर इकडे सहसा वाया जात नाही. ऊसपट्ट्यात तर 'टायर' हा शब्दच वेगळ्या अर्थाने चालतो. बीडकडून तोडीला येणाऱ्या टोळ्यांत 'टायर सेंटर' म्हणजे रबरी चाकांच्या बैलगाडीने ऊस वाहणारे, आणि 'डोकी सेंटर' म्हणजे डोक्यावर मोळ्या वाहणारे. चाक आहे की नाही, यावर तिथे माणसांची वर्गवारी होते. त्या गाडीला जुनी माणसं अजून 'डनलॉप' म्हणतात. कंपनीच्या नावाचं असं सामान्यनाम व्हावं, ह्यापेक्षा मोठं यश जाहिरातीला मिळत नाही, आणि ते पहिल्या पानावरच्या जाहिरातीने मिळालेलं नाही.

टायर बसवताना मी दुकानातल्या पोराला सांगितलं, तारखेची बाजू बाहेर ठेव. त्याने विचित्र नजरेने बघितलं पण ठेवली. बॅलन्सिंग झालं, हवा भरली, मी निघालो.

घरी आल्यावर सहज डिकी उघडली आणि स्टेपनी वाचली. ०९१३. २०१३ सालचा नववा आठवडा, गाडीबरोबर आलेली. रबरी केस सगळे जागच्या जागी, नक्षी आठ मिलिमीटर, एकदाही रस्त्याला न लागलेली, आणि बारा वर्षांची. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शिरोलीला गेलो.